स्टन मारला तरी पांढरा पुढे सरकतो. आणि फलालीनमधले तीन बॉल हस्तिदंती आहेत का?

पांढरा_कुठे_गेला

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण टेबल एकच, म्हणून एकाच धाग्यात विचारतोय.

एक जुनं पूल टेबल मिळालंय. सोबत बॉलचा सेटही आला. त्यातला पांढरा, म्हणजे काठीने मारायचा बॉल, मूळ सेटमधला नसावा, त्याची झाक वेगळी आहे. अडचण अशी की अगदी समोरासमोर, सरळ रेषेत स्टन (धडकेनंतर पांढरा तिथेच थांबावा असा फटका) मारला तरी हा पठ्ठ्या जागच्या जागी थांबत नाही. दोन बोटं पुढे सरकतोच. जोरात मारला तर वीतभर. स्क्रू, म्हणजे उलट्या फिरकीचा फटका, मारायचा म्हटलं तर परत यायला तयार नाही. फॉलो, म्हणजे पुढच्या फिरकीचा फटका, मात्र इतका मस्त लागतो की पांढरा समोरच्या बॉलच्या मागोमाग पॉकेटात उतरतो. मी काही मोठा खेळाडू नाही, पण हेच फटके दुसऱ्या टेबलावर व्यवस्थित बसतात.

दुसरा प्रश्न. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये फलालीनच्या कापडात गुंडाळलेले तीन बॉल सापडले, पुलाच्या बॉलपेक्षा थोडे लहान. दोन पिवळट पांढरे, एक फिकट लाल. पिवळ्यांपैकी एकावर समोरासमोरच्या दोन जागी गडद ठिपका आहे आणि ठिपक्याभोवती बारीक रेघा. दुसरा पिवळा एकदम कोरा, रेघ नाही की ठिपका नाही. लालवर केसासारखे तडे गेलेत. मित्र म्हणतो, तापवलेली सुई टोचून बघ, हस्तिदंत असेल तर काही होणार नाही, प्लॅस्टिक असेल तर वितळेल. टोचू का?

कर्पूरगौरी

सुई खाली ठेवा!

बाकी सविस्तर रात्री लिहिते, पण हे आधी वाचा. तडे गेलेला लाल सेल्युलॉइडचा असू शकतो. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. त्याला तापलेली सुई लावणं म्हणजे आग लावणंच. आणि ठिपकेवाला हस्तिदंती निघाला तर सुईचा डाग कायमचा राहील. दोन्हीकडून तोटाच.

अर्धगोल

पहिल्या प्रश्नापुरतं: पांढऱ्याचं आणि बाकीच्या दोन-चार बॉलांचं वजन करा. ग्रॅम दाखवणारा काटा हवा. आकडे इथे टाका, मग बोलू.

तोवर एक शंका दूर करून घ्या: तुमचा फटका खरंच स्टन आहे का? पांढरा मधोमध मारला तर तो आधी नुसता घसरत निघतो, फिरत नाही. कापडाच्या घर्षणाने हळूहळू पुढची फिरकी चढते आणि एका क्षणी तो पूर्ण लोळायला लागतो. सेकंदाला 2 मीटर वेगाने निघालेला बॉल साधारण अर्ध्या मीटरमध्येच लोळायला लागतो, आणि तेव्हा त्याचा वेग मूळच्या पाच-सप्तमांश उरलेला असतो. असा लोळणारा बॉल समोरच्याला सरळ धडकला तर सगळा पुढचा वेग देऊन टाकतो, पण फिरकी स्वतःकडेच ठेवतो. मग क्षणभर थांबल्यासारखं करून पुन्हा पुढे निघतो, धडकेआधीच्या वेगाच्या दोन-सप्तमांश वेगाने. म्हणून लांबच्या स्टनला काठीची टीप मध्याच्या खाली लावावी लागते, म्हणजे वाटेत उलटी फिरकी मरत मरत बरोबर धडकेच्या वेळी शून्यावर येते. चाचणी घेताना दोन बॉलांत एक फूटच अंतर ठेवा.

फिटरकाका

वरचे दोन्ही प्रतिसाद योग्य आहेत. माझं जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी टेबलं बसवतो. स्लेट, म्हणजे कापडाखालची दगडी फरशी, पातळीत आणायची, कापड ताणायचं, कुशनचं रबर बदलायचं, हा धंदा. गिऱ्हाइकाची तक्रार कायम टेबलाची असते: उतार आहे, कापड खेचतं, कुशन मेलंय. मी आधी पिशवीतून काटा आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) काढतो आणि बॉल मोजतो. बऱ्याच तक्रारी तिथेच निकालात निघतात, स्लेटला हातसुद्धा लावावा लागत नाही.

लोक विचारतात, बॉल कशाचा? माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. सेटमधला प्रत्येक बॉल दुसऱ्याच्या जोडीचा आहे का आणि आतून सगळीकडे सारखा भरलेला आहे का, हे आधी बघा. या वस्तूचा सगळा इतिहास ह्याच हट्टापायी घडलाय.

सुरुवातीला लाकडाचे आणि मातीचे बॉल होते. सतराव्या शतकात हस्तिदंत आला आणि विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत टिकला. आता हा हस्तिदंत काय प्रकार आहे बघा. दाताच्या मधोमध एक बारीक नळी टोकापर्यंत जाते आणि दाताचे थर तिच्याभोवती साठत जातात. बॉल कातायचा तो या नळीला बरोबर मध्यावर धरून, नाहीतर वजन एका बाजूला गेलंच म्हणून समजा. दाताचा मुळाकडचा भाग पोकळ, टोक निमुळतं. म्हणजे उपयोगाचा मधलाच तुकडा, आणि त्यातून निघणार जेमतेम चार-पाच बॉल. त्यासाठी एक आख्खा हत्ती मारायचा.

बरं, कातला आणि खेळायला दिला असंही नव्हतं. आधी ओबडधोबड कातून महिनोन्‌महिने वाळवत ठेवायचे, मग शेवटचा हात फिरवायचे. तरी हवा दमट झाली की बॉल फुगणार, कोरडी झाली की आकसणार. तेही सगळीकडून सारखा नाही. दाताच्या लांबीच्या दिशेने कमी, आडवा जास्त, म्हणजे गोल बॉलचं लिंबू होणार. मग पुन्हा लेथवर चढवा. गोल होतो, पण लहान होतो. एक लहान झाला की जोडीचे बाकीचेही कातून त्याच्या मापाला आणा. खेळाडूंनी दोनशे-अडीचशे वर्षं हे सोसलं, कारण दुसरं काही नव्हतं. हस्तिदंती बॉलचं कौतुक कोणी सुरू केलं की मी विषय बदलतो.

आजचा चांगला बॉल फिनॉलिक रेझिनचा. बेल्जियमच्या घेंट शहरात जन्मलेल्या लिओ बेकलंडने 1907 मध्ये अमेरिकेत जे बेकेलाइट नावाचं प्लॅस्टिक बनवलं, त्याचाच हा वंशज. आणि गंमत म्हणजे जगातले बहुतेक फिनॉलिक बॉल आज बनतात बेल्जियममध्येच, सालुक नावाच्या कंपनीत, अ‍ॅरामिथ या नावाने. पातळ रेझिन साच्यात ओततात, उष्णता देऊन पक्कं करतात, मग घासून मापावर आणतात. एकदा पक्कं झालं की ते परत वितळत नाही. हे महत्त्वाचं, कारण जोरात मारलेला बॉल कापडावरून घसरतो तेव्हा टेकलेला ठिपका चांगलाच तापतो. स्वस्तातल्या पॉलिएस्टरच्या बॉलवर याचे चटके लवकर उमटतात. नखाने चाचपून बघा, पृष्ठभाग खरखरीत लागतो. असा बॉल मग कापडही खातो.

मापं सांगून ठेवतो. पुलाचा बॉल 57.15 मिलिमीटर, त्यात 0.127 इकडे-तिकडे चालतं, आणि वजन 156 ते 170 ग्रॅम. स्नूकरचा 52.5 मिलिमीटर, फरक 0.05 पर्यंतच. त्याला ठरावीक वजन नाही, पण एका सेटमधल्या बॉलांत 3 ग्रॅमपेक्षा जास्त तफावत नको. पॉकेट नसलेल्या कॅरम बिलियर्ड्सचा 61.5 आणि रशियन पिरॅमिडचा दांडगा 68 मिलिमीटरचा. तुमचे फलालीनमधले तीन बॉल मोजा. 52 च्या आसपास भरले तर इंग्लिश बिलियर्ड्सचे. दोन पांढरे, एक लाल हा सेट तिथलाच.

आणि हो, पांढऱ्याला एक साधा लोहचुंबक लावून बघा. का ते नंतर सांगतो.

कर्पूरगौरी

आले. जुन्या वस्तू जतन करण्याचं काम करते, त्यामुळे सेल्युलॉइडशी रोजचं भांडण आहे.

ठिपकेवाला बॉल हस्तिदंती असण्याची शक्यता मोठी. ते दोन ठिपके म्हणजे काकांनी सांगितलेल्या नळीची दोन टोकं. भिंगातून ठिपक्याभोवती बघा, एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेघांची जाळी दिसेल. ही जाळी हत्तीच्या दातात असते, हाडात नसते. प्लॅस्टिकवाल्यांनी हस्तिदंतासारख्या रेघा काढल्या, पण त्या समांतर पट्ट्या असतात, ही जाळी त्यांना जमली नाही. अंधारात अतिनील टॉर्च मारली तर हस्तिदंत निळसर पांढरा उजळतो.

कोरा पिवळा आणि लाल यांची परीक्षा नाकाने करा. अंगठ्याने एकाच जागी जोरात घासा, जागा गरम झाली की वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइडच्या घराण्यातला.

या घराण्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. 1860 च्या दशकात न्यूयॉर्कच्या फेलन अँड कॉलेंडर या बिलियर्ड्सचं सामान बनवणाऱ्या कंपनीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला 10,000 डॉलरचं बक्षीस लावलं. ऑल्बनीतला जॉन वेस्ली हायट हा छपाईच्या धंद्यातला माणूस त्यामागे लागला. लाखेच्या मिश्रणाचे गोळे करून त्यांवर कोलोडियनचा, म्हणजे विरघळवलेल्या नायट्रोसेल्युलोजचा थर चढवणं, हा त्याचा 1869 चा मार्ग. पुढच्याच वर्षी त्याने आणि भावाने कापूर घालून सेल्युलॉइडचं पेटंट घेतलं.

बॉल एकमेकांवर आपटून स्फोट व्हायचे, हॉलच्या हॉल उडायचे, असं जे फिरतं ते जरा आवरून घ्यायला हवं. हायटने स्वतः 1914 मध्ये रसायनशास्त्रातलं पर्किन पदक स्वीकारताना सांगितलेलं एवढंच: थर जवळजवळ शुद्ध नायट्रोसेल्युलोजचा असल्याने पेटती सिगार टेकली तर बॉल भडकायचा, आणि कधीतरी जोरात धडकला तर टिकलीच्या बंदुकीइतका आवाज व्हायचा. कोलोरॅडोतल्या एका गुत्तेवाल्याने त्याला लिहिलं होतं की माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण आवाज झाला की खोलीतला प्रत्येक माणूस पिस्तूल उपसतो. एवढ्या बोलण्यावर लोकांनी पुढे इमले चढवले.

आता तुमच्या लाल बॉलकडे. सेल्युलॉइड जुनं झालं की कापूर उडून जातो, वस्तू आकसते, तडे जातात, आणि आतून नायट्रिक आम्लाची वाफ सुटायला लागते. ही वाफ शेजारच्या वस्तूंनाही खाते. म्हणून तिघांना एकाच कापडात गुंडाळून बंद ड्रॉवरमध्ये ठेवू नका. लाल वेगळा, आम्लरहित कागदात, हवा खेळेल अशा थंड जागी, विस्तवापासून लांब. तिन्हींवर खेळू नका. हस्तिदंती असला तर विकायचा विचार करण्याआधी कायदा बघा. हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1990 पासून जवळपास बंद आहे.

तिरपा_फटका

काका, हस्तिदंतावर इतका राग? आमच्या पिढीतले जुने लोक सांगायचे की त्या बॉलचा आवाज आणि हाताला येणारी जाणीव कशालाच नाही. रेझिनचा बॉल कडक वाजतो, त्यात जीव नाही.

फिटरकाका

आवाज गोड असेल, नाही म्हणत नाही. पण इंग्लंडमध्ये, जिथे हस्तिदंताचा सर्वात जास्त अभिमान होता, तिथेही 1926 मध्ये क्रिस्टलेटचे बॉल स्पर्धेत आले आणि मग कोणी मागे वळून बघितलं नाही. क्रिस्टलेटही नायट्रोसेल्युलोज-कापराच्या जातीचाच, म्हणजे आवाजाने तर तो जिंकला नसणार. आज मारलेला फटका उद्या तसाच लागतो, एवढ्याच जोरावर जिंकला.

आवाजाचं म्हणाल तर एक करून बघा. दोन बॉलांच्या मध्ये कार्बन पेपर आणि पांढरा कागद धरून सरळ फटका मारा. कागदावर तीन-चार मिलिमीटरचा गोल डाग उमटतो. जोरात मारा, डाग मोठा होतो. म्हणजे इतका टणक बॉलही धडकेच्या वेळी चपटा होतो आणि परत फुगतो.

अर्धगोल

काकांच्या डागाला आकडे जोडतो. हेर्ट्झ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला दोन गोलांच्या स्पर्शाचं गणित मांडलं. ते पुलाच्या बॉलला लावलं तर 2 मीटर वेगाच्या धडकेत दोन्ही बॉल मिळून पाव मिलिमीटरच्या आसपास दबतात आणि एका सेकंदाचे तीन हजार भाग केले तर त्यातल्या एका भागात सगळा कारभार उरकतो. तेवढ्यात सरासरी शंभर किलो वजनाइतका जोर लागतो. असे धक्के हजारो वेळा खाऊनही गोल राहायचं, हे बॉलचं काम.

पांढरा_कुठे_गेला

सर्वांचे आभार! सुई टोचली नाही.

तिघे 52 मिलिमीटरच्या आसपास भरले. ठिपकेवाल्यावर भिंगातून जाळी दिसली. लाल आणि कोरा पिवळा दोन्ही घासल्यावर स्पष्ट कापूर. लाल वेगळा ठेवला.

पुलाचे आकडे: रंगीत बॉल 165 ते 167 ग्रॅम. पांढरा 178! व्यास मात्र जवळजवळ सारखाच, पांढरा 57.3, बाकीचे 57.1. आणि काका, चुंबक चिकटला. हे काय गौडबंगाल?

फिटरकाका

वाटलंच. तो नाणं टाकून चालणाऱ्या टेबलाचा पांढरा आहे. त्या टेबलांत पॉकेटात गेलेले रंगीत बॉल आत अडकून राहतात, पांढरा तेवढा परत बाहेर यावा लागतो. म्हणून त्याच्या पोटात लोखंड घालतात आणि आतला चुंबक त्याला वाट बदलायला लावतो. काही टेबलांत त्याऐवजी पांढरा मोठा ठेवून त्याला मापावरून वेगळं काढतात, तो आणखी वाईट. मोठा पांढरा समोरच्याला मध्याच्या वर धडकतो, त्याला कापडात दाबतो आणि तो टुणकन उडतो.

अर्धगोल

178 आणि 166 घेऊन हिशेब केला. बॉल-बॉल धडकेत जवळ येण्याच्या वेगाचा साधारण 95 टक्के भाग दूर जाण्यात परत मिळतो असं धरू. दोन्ही वजनं सारखी असती तर शुद्ध स्टनमध्ये पांढऱ्याकडे अडीच टक्के वेग उरला असता. तुमच्याकडे सहा टक्के उरतो. 2 मीटरच्या धडकेत सारख्या वजनाचा पांढरा सेंटीमीटरभरही सरकणार नाही, तुमचा सरकतो साधारण चार. म्हणजे तुमची दोन बोटं! वेग दुप्पट केला की अंतर चौपट, म्हणजे 16 सेंटीमीटर, वीत थोडी राहिली. स्क्रूलाही हीच अडचण: उलट्या फिरकीला आधी हा उरलेला पुढचा वेग मारावा लागतो, मग मागे ओढायचं. फॉलोला तोच वेग फुकटची मदत करतो.

तिरप्या धडकेतही फरक दिसेल. सारख्या वजनाचे बॉल, पांढरा न फिरता घसरत आलेला, तर धडकेनंतर दोघांच्या वाटांत जवळजवळ काटकोन होतो. पांढरा जड असला की कोन लहान होतो, आणि कॅननचा, म्हणजे एका फटक्यात दोन बॉलांना लागण्याचा, अंदाज दर वेळी चुकतो. पांढरा लोळत आला असेल तर काटकोनाचा नियम लागूच नाही: चौथाई ते पाऊण बॉल धडकेत (समोरचा बॉल पाव ते पाऊण झाकला जाईल अशा) तो मूळ दिशेपासून साधारण 30 अंश वळतो. तेही धडकेच्या क्षणी लगेच नाही, आधी काटकोनाकडे निघून मग वळण घेतो. हे वळण पॅराबोलाचं असतं हे कोरिओलिसने 1835 मध्येच बिलियर्ड्सच्या गणितावरच्या पुस्तकात दाखवलं. हो, वाऱ्याच्या दिशेवाला कोरिओलिस तोच.

तिरपा_फटका

मग बॉल मळका असला तर काय फरक पडतो? आमच्याकडे कोणी पुसतच नाही.

फिटरकाका

पडतो की. तिरप्या धडकेत दोन बॉल एकमेकांवर घासतात आणि समोरचा बॉल ठरलेल्या रेषेपासून थोडा ओढला जातो. सावकाश मारलेल्या स्टनला ही ओढ जास्त असते, आणि मळ किंवा काठीच्या टोकाला लावतात तो चॉक असला की आणखी वाढते. नेमक्या स्पर्शाच्या जागी चॉकचा कण आला की बॉल उसळतो, त्याला किक म्हणतात, आणि मग खेळाडू छताकडे बघतो. कोमट पाणी, साधा साबण, मऊ कापड. घरातलं कुठलंही घासायचं पावडरवालं द्रावण नको, चमक जाते आणि घर्षण वाढतं.

धागाकर्ते, नवा पांढरा घेताना वजन विचारा, 166 च्या शक्य तितका जवळचा घ्या. लाल ठिपक्यांचा मिळाला तर उत्तम, त्यावर फिरकी डोळ्यांनी दिसते, स्टन खरंच स्टन होता का ते कळतं. आणला की टेबलावर अगदी हळू लोळवा. मग तोच बॉल हातात थोडा फिरवून, त्याच रेषेत पुन्हा. दोन्ही वेळा एकाच बाजूला वळला तर टेबलाचा उतार, मग मला सांगा. बाजू बदलली तर बॉल एका अंगाला जड आहे, दुकानदाराला परत करा.